सौंदर्यप्रसाधनांतील कीलेटकारके : कार्य, सुरक्षितता आणि पर्याय – ईडीटीएच्या विशेष संदर्भात

सारांश

त्वचेसाठी वापरल्या जाणाऱ्या साबण, क्रीम, लोशन इत्यादी प्रसाधनांत धातूंच्या आयनांना बांधून ठेवणारी कीलेटकारके अत्यल्प प्रमाणात मिसळलेली असतात. त्यांपैकी ईडीटीए हे सर्वाधिक परिचित व सर्वाधिक टीका झालेले रसायन होय. प्रस्तुत लेखात कीलेटकारकांच्या कार्याचे रासायनिक तत्त्व, प्रसाधनांतील त्यांची प्रत्यक्ष भूमिका, मानवी आरोग्य व पर्यावरण या दोन्ही दृष्टींनी त्यांची सुरक्षितता आणि उपलब्ध पर्याय यांचा विचार केला आहे. ईडीटीएबाबतची खरी चिंता त्वचेपेक्षा नदीची आहे, तसेच 'ईडीटीएविरहित' हे शब्द स्वतःहून सुरक्षिततेचे प्रमाणपत्र ठरत नाहीत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : कीलेटकारक, ईडीटीए, फायटिक आम्ल, परिरक्षक, जड पाणी, जैवविघटन

१. प्रस्तावना

पदवी वर्गाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाण्याचा जडपणा काढण्याचा प्रयोग प्रत्येक विद्यार्थी करतो. सामू १० ठेवलेल्या पाण्यात एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक टाकला की विद्राव मद्यासारखा तांबडा होतो; ब्युरेटमधून ईडीटीएचा विद्राव थेंबाथेंबाने सोडत गेल्यावर एका क्षणी तो निळा होतो आणि अनुमापन संपते. याच विद्यार्थ्याला घरी साबणाच्या वेष्टनावर किंवा क्रीमच्या नळीवर 'डायसोडियम ईडीटीए' हे शब्द दिसतात, तेव्हा त्याच्या मनात साहजिकच प्रश्न उभा राहतो. प्रयोगशाळेतील बाटलीत असलेले हे रसायन आपण चेहऱ्याला लावतो आहोत काय? आणि लावत असू, तर ते कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर अनेकदा दोन टोकांवरून दिले जाते. 'रसायन म्हणजे विष' असे मानणारा एक पक्ष आहे, तर 'मान्यताप्राप्त घटक आहे, शंका नको' असे सांगून विषय मिटवणारा दुसरा पक्ष आहे. दोन्ही उत्तरांत विचार कमी आणि अभिनिवेश अधिक आहे. आज अनेक महाविद्यालयांतून कौशल्यविकास उपक्रमांतर्गत साबण व क्रीम बनविण्याच्या कार्यशाळा घेतल्या जातात आणि बचत गटांतील महिला अशी उत्पादने तयार करून विकतात. त्यामुळे या प्रश्नाचे नेमके उत्तर देणे ही आता केवळ रसायनशास्त्राच्या शिक्षकाची जबाबदारी राहिलेली नाही.

या लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (अ) कीलेटकारकांच्या कार्याचे तत्त्व सोप्या भाषेत मांडणे, (आ) प्रसाधनांतील त्यांची भूमिका साध्या गणिताच्या आधारे तपासणे, (इ) सुरक्षिततेविषयीच्या आक्षेपांची छाननी करणे, (ई) पर्यायांचे गुणदोष पाहणे.

२. कीलेट : संकल्पना आणि इतिहास

धातूच्या आयनाला इलेक्ट्रॉनांची जोडी देऊन बांधणाऱ्या रेणूला लिगँड म्हणतात. अशा बंधांचा शास्त्रशुद्ध सिद्धांत आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये मांडला आणि त्यासाठी त्यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एखादा लिगँड धातूच्या आयनाला एकाच ठिकाणी न धरता दोन किंवा अधिक ठिकाणी धरतो, तेव्हा वलयाकार रचना तयार होते. मॉर्गन आणि ड्र्यू यांनी १९२० मध्ये अशा रचनेला 'कीलेट' हे नाव दिले. खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून ते घेतले आहे. शेताच्या बांधावर खेकडा पकडताना ज्याचे बोट नांगीत सापडले असेल, त्याला या नावाचे औचित्य निराळे सांगावे लागणार नाही.

एथिलीनडायअमीन टेट्राॲसिटिक आम्ल, म्हणजेच ईडीटीए, फर्डिनांड म्युन्झ यांनी १९३५ मध्ये जर्मनीत तयार केले. वस्त्ररंगाईत पाण्यातील कॅल्शियममुळे येणारा अडथळा दूर करणे आणि त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सायट्रिक आम्लाला पर्याय शोधणे, हा त्यामागील हेतू होता. पुढे १९४० च्या दशकात झुरिक येथील गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी याच रसायनाच्या आधारे अनुमापनाची पद्धत विकसित केली. आजच्या प्रयोगशाळेतील जडपणाचा प्रयोग हे त्याच कार्याचे फलित आहे.

ईडीटीएच्या रेणूत नायट्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचे चार असे सहा पकडबिंदू असतात. धातूच्या आयनाभोवती पाण्याचे अनेक रेणू असतात; ईडीटीएचा एकच रेणू त्यांतील बहुतेकांना दूर सारून त्यांची जागा घेतो. एक रेणू बांधला जातो आणि अनेक मोकळे होतात, त्यामुळे व्यवस्थेची एन्ट्रॉपी वाढते आणि बंध अधिक स्थिर होतो. यालाच कीलेट-परिणाम असे म्हणतात.

ही पकड सर्व धातूंसाठी सारखी नसते. स्थिरांकाचा लॉगॅरिथम जितका मोठा, तितकी पकड घट्ट. ईडीटीएसाठी ही मूल्ये सुमारे पुढीलप्रमाणे आहेत.

तक्ता क्र. १ : ईडीटीए-धातू संयुगांच्या स्थिरांकांचे लॉगॅरिथम
मॅग्नेशियम – ८.७
कॅल्शियम – १०.७
लोह (द्विसंयुजी) – १४.३
जस्त – १६.५
शिसे – १८.०
तांबे – १८.८
लोह (त्रिसंयुजी) – २५.१

कॅल्शियम आणि त्रिसंयुजी लोह यांच्या मूल्यांत १४ पेक्षा अधिक फरक आहे. म्हणजे लोहावरील पकड कॅल्शियमच्या तुलनेत १० च्या १४ व्या घाताइतक्या पटींनी अधिक आहे. कॅल्शियमने अडवून ठेवलेला ईडीटीएचा रेणूही लोह समोर आले की कॅल्शियमला सोडून लोहाला धरतो. ही बाब पुढील विवेचनात वारंवार उपयोगी पडणार आहे.

येथे एक महत्त्वाची मर्यादा नोंदवली पाहिजे. वरील आकडे ईडीटीएचे सर्व प्रोटॉन निघून गेलेल्या अवस्थेसाठी आहेत. सामू कमी झाला की ही अवस्था दुर्मिळ होते. सामू ७ असताना ईडीटीएच्या सुमारे ०.०५ टक्के रेणूच या अवस्थेत असतात. सामू ५ ला हे प्रमाण आणखी हजारपटीहून अधिक घटते. परिणामी कॅल्शियमसाठीचे प्रभावी मूल्य सामू १० ला सुमारे १०.२, सामू ७ ला ७.४ आणि सामू ५ ला केवळ ४.२ इतके उरते. मॅग्नेशियमसाठी तर सामू ५ ला ते २ च्या आसपास येते. लोह व तांबे यांच्यावरील पकड मात्र आम्लधर्मी क्रीममध्येही पुरेशी घट्ट राहते. प्रसाधनांचा सामू बहुधा ५ ते ६.५ च्या दरम्यान ठेवलेला असल्याने हा भेद व्यवहारात महत्त्वाचा ठरतो.

३. प्रसाधनांतील कार्य

३.१ ऑक्सिडीकरणास अटकाव

क्रीममधील तेले, सुगंधी द्रव्ये आणि जीवनसत्त्वे हवेतील ऑक्सिजनमुळे हळूहळू बिघडतात. या बिघाडाला लोह व तांबे यांचे सूक्ष्म अंश उत्प्रेरकाप्रमाणे वेग देतात. कच्चा माल, यंत्रसामग्री, पाणी, रंगद्रव्ये अशा अनेक मार्गांनी हे अंश उत्पादनात येतात. तेल खवट होणे, पांढरे क्रीम पिवळसर पडणे, सुगंध बदलणे, 'क' जीवनसत्त्वाचा विद्राव तपकिरी होणे ही त्याची दृश्य लक्षणे होत. उन्हापासून संरक्षण देणाऱ्या क्रीममधील अॅव्होबेन्झोन हे द्रव्य लोहाशी संयोग पावून रंगीत संयुग बनवते. अशा क्रीमचे डाग लागलेले पांढरे कपडे लोहयुक्त पाण्यात धुतले की नारिंगी-तांबूस दिसू लागतात, त्याचे कारण हेच. कीलेटकारक या धातूंना बांधून त्यांची ही क्रिया रोखण्याचा प्रयत्न करतो.

'प्रयत्न करतो' असे म्हणण्याचे कारण आहे. तांब्याच्या बाबतीत ईडीटीए चांगले काम करते. लोहाच्या बाबतीत मात्र चित्र इतके सरळ नाही. लोहाच्या आयनाला सहा ठिकाणी धरल्यावरही ईडीटीए-लोह संयुगात पाण्याच्या एका रेणूला सातवी जागा मोकळी राहते. या जागेतून हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे रेणू लोहाशी अभिक्रिया करू शकतात. हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये वर्णिलेली आणि मुक्त मूलके निर्माण करणारी अभिक्रिया ईडीटीएने बांधलेल्या लोहाच्या बाबतीतही चालू राहते. किंबहुना उदासीन सामूला विरघळलेल्या अवस्थेत राहिलेले हे लोह 'क' जीवनसत्त्वाचे ऑक्सिडीकरण वाढवूही शकते. याउलट, फायटिक आम्ल लोहाच्या सर्व जागा व्यापते आणि ही अभिक्रिया अधिक परिणामकारकपणे रोखते. 'अधिक घट्ट पकड म्हणजे अधिक संरक्षण' हे समीकरण म्हणूनच नेहमी खरे ठरत नाही. धातू किती घट्ट धरला आहे यासोबत तो कसा धरला आहे हेही पाहावे लागते.

३.२ परिरक्षकांना साहाय्य

पाणी असलेले प्रत्येक क्रीम हे जीवाणूंसाठी अन्न असते. त्यातही स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जीवाणू प्रसाधन उद्योगाचा जुना वैरी होय. या गटातील जीवाणूंभोवती एक बाह्य आवरण असते आणि त्यातील लिपोपॉलिसॅकराइडचे रेणू कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या आयनांनी एकमेकांशी सांधलेले असतात. विटांच्या भिंतीतील चुना निघाला की भिंत खिळखिळी व्हावी, तसे हे आयन काढून घेतले की आवरण सैल होते आणि परिरक्षक द्रव्य आत शिरू शकते. त्यामुळे परिरक्षक कमी प्रमाणात वापरूनही अपेक्षित परिणाम साधतो.

मात्र ईडीटीए हे स्वतः पुरेसे परिरक्षक नाही. बुरशीच्या बाबतीत त्याचा हा उपयोग मर्यादित आहे. शिवाय सामू ५ ला मॅग्नेशियमवरील पकड जवळजवळ नाहीशी होत असल्याने, आम्लधर्मी उत्पादनात जीवाणूविरोधी साहाय्यक म्हणून ईडीटीएवर फारशी भिस्त ठेवता येत नाही.

३.३ साबण आणि जड पाणी : एक गैरसमज

साबणात ईडीटीए किंवा एटिड्रॉनिक आम्ल असते ते जड पाण्यात फेस यावा म्हणून, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती तपासण्यासाठी एक साधे गणित करून पाहू. विंधन विहिरीच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट इतका आहे असे धरू. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५०० : २०१२) २०० मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा असून अन्य स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. म्हणजे ३०० हा आकडा असामान्य नव्हे. २० लिटरच्या बादलीत एकूण जडपणा ६ ग्रॅम, म्हणजे ०.०६ मोल झाला. तो पूर्णपणे बांधण्यासाठी डायसोडियम ईडीटीए सुमारे २२ ग्रॅम लागेल. एका स्नानात ५ ग्रॅम साबण झिजतो आणि त्यात ०.१ टक्का ईडीटीए आहे असे मानले, तर प्रत्यक्षात मिळते केवळ ५ मिलिग्रॅम. आवश्यक आणि उपलब्ध यांत चार हजार पटींहून अधिक अंतर आहे.

तात्पर्य, साबणातील कीलेटकारक बादलीतील पाणी मृदू करीत नाही. ते काम करते ते वडीच्या आत; तेथील लोह व तांबे बांधून वडीला खवटपणा व डाग यांपासून वाचवते. जड पाण्यामुळे त्वचेवर व केसांवर साका बसत असेल, तर साबणाची जात बदलण्यापेक्षा पाण्यावर उपाय करणे अधिक योग्य ठरेल.

३.४ क्रीममधील मात्रेचे गणित

क्रीमच्या बाबतीत हेच गणित वेगळे उत्तर देते. क्रीममध्ये डायसोडियम ईडीटीए बहुधा ०.०५ ते ०.२ टक्के असते. ०.१ टक्का धरल्यास १ ग्रॅम क्रीममध्ये १ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे २.७ मायक्रोमोल ईडीटीए येते. त्याच क्रीममध्ये किलोमागे १ मिलिग्रॅम लोह अशुद्धीच्या रूपाने आले असेल, तर १ ग्रॅममधील लोह ०.०१८ मायक्रोमोल भरते. ईडीटीएचे प्रमाण लोहाच्या सुमारे १५० पट आहे. इतकी अल्प मात्रा पुरेशी का ठरते, याचे हे उत्तर आहे.

परंतु हेच क्रीम शुद्ध पाण्याऐवजी वरील विंधन विहिरीच्या पाण्यात बनवले तर काय होईल? क्रीममध्ये ७० टक्के पाणी धरल्यास १ ग्रॅममध्ये जडपणाचे आयन २.१ मायक्रोमोल येतात आणि ईडीटीएचा जवळजवळ चार पंचमांश भाग तेच अडवू शकतात. लोह आल्यावर ते कॅल्शियमची जागा घेईल हे खरे. परंतु जीवाणूंच्या आवरणातील कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेण्याची ईडीटीएची क्षमता मात्र संपुष्टात येईल. क्रीम बनवताना आयनमुक्त पाणी वापरावे, हा नियम असा रसायनशास्त्रातून आलेला आहे. कार्यशाळांतून पाककृतीचे कागद वाटले जातात, त्यांवर हा नियम ठळकपणे छापलेला असावा.

३.५ कीलेटन हाच मुख्य परिणाम असलेली द्रव्ये

काही द्रव्यांत धातू बांधणे हे साहाय्यक कार्य नसून तोच मुख्य हेतू असतो. जपानमध्ये साइतो यांनी १९०७ मध्ये कोजीच्या बुरशीतून मिळवलेले कोजिक आम्ल हे याचे ठळक उदाहरण होय. त्वचेतील रंगद्रव्य तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराच्या केंद्रस्थानी तांबे असते. कोजिक आम्ल त्या तांब्याशी बांधले जाते आणि विकराचे कार्य मंदावते. येथे कीलेटकारक जिवंत पेशीतील प्रक्रियेत हस्तक्षेप करीत असल्याने सुरक्षिततेचा निकषही अधिक कडक असला पाहिजे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये चेहरा व हात यांसाठीच्या उत्पादनांत कोजिक आम्लाची कमाल मात्रा १ टक्का ठरवून दिली, ती याच विचाराने.

४. सुरक्षितता : मात्रा आणि मार्ग

४.१ त्वचेवरील वापर

ईडीटीए हा पाण्यात विरघळणारा व विद्युतभारित रेणू आहे. निरोगी त्वचेचा शृंगस्तर मेदाने सांधलेला असल्याने असे रेणू त्यातून सहजी जात नाहीत. त्वचेवाटे होणारे ईडीटीएचे शोषण अत्यल्प असते. तोंडावाटे घेतले तरी त्यातील फार थोडा भाग शोषला जातो आणि शोषलेला भाग बहुतांशी न बदलता मूत्रावाटे बाहेर पडतो. अमेरिकेतील प्रसाधन घटक परीक्षण तज्ज्ञ मंडळाने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात ईडीटीए व त्याचे क्षार प्रचलित वापरात सुरक्षित असल्याचा निष्कर्ष काढला. त्याच वेळी ईडीटीए अन्य द्रव्यांचा त्वचेतील प्रवेश वाढवू शकते, याकडे उत्पादकांचे लक्षही वेधले.

हा इशारा दुर्लक्षिण्याजोगा नाही. पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या कॅढेरिन प्रथिनांना कॅल्शियमची गरज असते. त्वचा अखंड असताना ईडीटीए त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. परंतु इसब, भाजणे, जखम यांमुळे त्वचेचे आवरण तुटलेले असेल तर परिस्थिती बदलते. अशा त्वचेवर कोणतेही प्रसाधन डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावे.

शरीरातील कॅल्शियम ईडीटीए ओढून घेईल काय, या शंकेचेही उत्तर गणितात आहे. एखाद्या व्यक्तीने दिवसाला १५ ग्रॅम प्रसाधन लावले आणि त्यात ०.१ टक्का ईडीटीए असले, तर एकूण मात्रा १५ मिलिग्रॅम होते. ती सर्वच्या सर्व शरीरात गेली असे अशक्य गृहीत धरले, तरी तिच्याने बांधले जाणारे कॅल्शियम सुमारे १.६ मिलिग्रॅम भरेल. आपल्या दैनंदिन आहारात कॅल्शियम शेकड्यांनी मिलिग्रॅम असते. खाद्यपदार्थांतील कॅल्शियम डायसोडियम ईडीटीएसाठी अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने दररोज किलोमागे २.५ मिलिग्रॅम ही मर्यादा दिलेली आहे. ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ती १५० मिलिग्रॅम होते.

अॅलर्जीविषयीही एक स्पष्टीकरण आवश्यक आहे. एथिलीनडायअमीन हे स्वतंत्र द्रव्य त्वचेची अॅलर्जी निर्माण करते हे सर्वमान्य आहे. नावातील साम्यामुळे तो दोष ईडीटीएकडे वळवला जातो. प्रत्यक्षात ईडीटीएमुळे होणारी स्पर्शजन्य अॅलर्जी विरळ आहे आणि एथिलीनडायअमीनची अॅलर्जी असलेल्यांना ईडीटीएचाही त्रास होतो असे सहसा आढळत नाही. त्याचप्रमाणे, ईडीटीएच्या औद्योगिक निर्मितीत फॉर्माल्डिहाइड व सायनाइड वापरले जातात, म्हणून ते विषारी, हा युक्तिवादही टिकत नाही. कच्च्या मालाचे गुणधर्म तयार संयुगात उतरतातच असे नाही. क्लोरीन आणि सोडियम यांपासून बनलेले मीठ आपण रोज खातो. प्रश्न असतो तो अशुद्धींचा. ईडीटीएच्या निर्मितीत नायट्रिलोट्रायॲसिटिक आम्ल हे उपउत्पादन तयार होते आणि कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९९० मध्ये त्याची गणना 'संभाव्य कर्करोगकारक' या गटात केली. म्हणून ईडीटीए विकत घेताना स्वस्ताईपेक्षा शुद्धतेच्या प्रमाणपत्राकडे पाहणे अगत्याचे आहे.

४.२ एका अक्षराची किंमत

ईडीटीएमुळे माणसे दगावल्याचे दाखले आहेत आणि ते लपवण्याचे कारण नाही. ते समजून घेण्याचे मात्र आहे. शिशाच्या विषबाधेवर कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए शिरेवाटे देतात. त्यात कॅल्शियम आधीच बांधलेले असते. रक्तात शिसे भेटले की ईडीटीए कॅल्शियम सोडून शिसे धरते. डायसोडियम ईडीटीएत मात्र हे कॅल्शियम नसते. ते वेगाने रक्तात सोडले तर रक्तातीलच कॅल्शियम बांधले जाते आणि हृदयाची क्रिया बंद पडू शकते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २००६ मध्ये, २००३ ते २००५ या काळात कीलेटन उपचारांदरम्यान अशा प्रकारे झालेल्या तीन मृत्यूंची नोंद केली. त्यांत दोन बालके होती. २००८ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने या दोन नावांतील गोंधळाबाबत जाहीर सूचना दिली.

या घटनांवरून क्रीममधील ईडीटीए प्राणघातक आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. परंतु तीच घटना दुसरी एक गोष्ट शिकवते. द्रव्य, त्याचा क्षार, मात्रा आणि शरीरात जाण्याचा मार्ग या चार गोष्टी एकत्र सांगितल्याशिवाय 'सुरक्षित' किंवा 'घातक' हे विशेषण निरर्थक असते. शरीरातील जड धातू बाहेर काढणारी 'शुद्धीकरण' क्रीमे विकणाऱ्यांनाही हेच उत्तर लागू पडते. जे द्रव्य त्वचेतून आतच जात नाही, ते रक्तातील शिसे बाहेर कसे काढणार?

४.३ हाताळणाऱ्यांची सुरक्षितता

वापरणाऱ्यापेक्षा बनवणाऱ्याला धोका अधिक असतो, ही बाब बहुधा चर्चेत येत नाही. टेट्रासोडियम ईडीटीएचा विद्राव तीव्र अल्कधर्मी असून डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होऊ शकते. डायसोडियम क्षार तुलनेने सौम्य, परंतु त्याची पूड श्वासावाटे जाऊ देऊ नये. कार्यशाळेत चष्मा, हातमोजे आणि मुखपट्टी यांची सक्ती असावी. तसेच पाककृतीत एक क्षार लिहिलेला असताना दुसरा वापरल्यास उत्पादनाचा सामू बदलतो, हेही प्रशिक्षणार्थींना सांगावे.

५. पर्यावरण : खरा प्रश्न

त्वचेवर राहून निरुपद्रवी ठरणारे ईडीटीए तोंड धुतल्यावर सांडपाण्यात जाते आणि तेथे त्याचा गुणच दोष ठरतो. नेहमीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील जीवाणू त्याचे सहजासहजी विघटन करू शकत नाहीत. नदीत पोहोचल्यावर लोहाशी बांधलेला त्याचा भाग सूर्यप्रकाशात तुटतो. इतर धातूंशी बांधलेला भाग मात्र दीर्घकाळ टिकतो. युरोपातील नद्यांत ते मोठ्या प्रमाणावर आढळल्यामुळे युरोपीय संघाने त्याच्या जोखमीचे सविस्तर मूल्यमापन करून २००४ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. गाळात बसलेले जड धातू ईडीटीएमुळे पुन्हा पाण्यात विरघळू शकतात, अशी चिंताही व्यक्त केली जाते.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की नद्यांत पोहोचणारे बहुतांश ईडीटीए प्रसाधनांतून येत नाही. औद्योगिक स्वच्छता, कागद, धुलाई, छायाचित्रण अशा क्षेत्रांचा वाटा मोठा आहे. परंतु दुसऱ्याचा वाटा मोठा आहे म्हणून आपला वाटा क्षम्य ठरत नाही. विशेषतः जेथे सांडपाणी प्रक्रियेशिवाय ओढ्यानाल्यांत सोडले जाते, तेथे जैवविघटनशील पर्यायांचा विचार अधिक निकडीचा आहे.

६. पर्याय आणि त्यांच्या मर्यादा

सोडियम फायटेट हे भाताच्या कोंड्यापासून मिळणाऱ्या फायटिक आम्लाचे रूप होय. लोह बांधण्यात ते प्रभावी आहे आणि निसर्गात त्याचे विघटन होते. त्याच्याशी आपला आहारातील परिचय जुना आहे : ज्वारी, बाजरी, गहू यांच्या कोंड्यातील हेच फायटेट अन्नातील लोहाचे शोषण कमी करते. पीठ आंबवल्याने हा दोष कमी होतो. गव्हाच्या पिठाचे लोहाने पोषणवर्धन करताना जो एक पर्याय भारतीय अन्नसुरक्षा मानक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी मान्य केला आहे, तो सोडियम लोह ईडीटीए हा आहे. कारण ईडीटीएच्या पकडीत असलेले लोह फायटेटच्या तावडीत सापडत नाही. जी स्पर्धा अन्नमार्गात चालते, तीच क्रीमच्या डबीतही चालते. क्रीममध्ये ज्याला आपण 'नैसर्गिक आणि चांगले' म्हणतो ते आहारात अडथळा ठरते आणि ज्याला 'कृत्रिम आणि वाईट' म्हणतो ते पोषणाच्या कामी येते, हे विसरता कामा नये.

टेट्रासोडियम ग्लुटामेट डायॲसिटेट हे ग्लुटामिक आम्लापासून बनते. ते सहज जैवविघटनशील असून पाण्यात विपुल विरघळते. कॅल्शियमसाठी त्याचे मूल्य ६ च्या आसपास, म्हणजे ईडीटीएपेक्षा बरेच कमी आहे. ते अल्कधर्मी असल्याने सामू पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. एथिलीनडायअमीन डायसक्सिनेटच्या आरशातील प्रतिमांसारख्या रूपांपैकी विशिष्ट एकच रूप उत्तम विघटनशील असते. म्हणून केवळ नाव पाहून समाधान मानता येत नाही. सायट्रेट व ग्लुकोनेट स्वस्त आणि निर्धोक आहेत, परंतु कॅल्शियमसाठी सायट्रेटचे मूल्य सुमारे ३.५ इतकेच आहे. एटिड्रॉनिक आम्ल साबणांत उपयुक्त असले तरी युरोपीय संघाने त्याची मर्यादा साबणात ०.२ टक्के व केशप्रसाधनांत १.५ टक्के अशी ठरवली आहे.

पर्याय निवडताना ईडीटीए काढून तितक्याच वजनाचे दुसरे द्रव्य टाकणे पुरेसे नाही. पकड कमी झाल्याने परिरक्षकाची परिणामकारकता घटते काय, हे सूक्ष्मजीव चाचणीने तपासले पाहिजे. ही चाचणी न करता 'ईडीटीएविरहित' म्हणून विकलेल्या क्रीममध्ये स्यूडोमोनास वाढला, तर ग्राहकाने टाळलेला धोका काल्पनिक आणि पत्करलेला धोका खरा, अशी स्थिती होईल. डोळ्याजवळ वापरल्या जाणाऱ्या क्रीमच्या बाबतीत तो दृष्टीवर बेतू शकतो.

७. वेष्टन कसे वाचावे

भारतात प्रसाधनांचे नियमन सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० अन्वये होते. त्यानुसार १ टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने आणि त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने देता येतात. ईडीटीए नेहमी दुसऱ्या गटात असते. त्यामुळे यादीत ते एखाद्या घटकाच्या आधी आले म्हणून त्याची मात्रा अधिक आहे असे समजू नये. वाचकाने एवढे पाहावे : उत्पादन त्वचेवर राहणारे आहे की धुवून टाकण्याचे, त्वचा अखंड आहे की तुटलेली, आणि उत्पादनावर निर्मात्याचा परवाना क्रमांक व वापराची मुदत आहे की नाही.

८. निष्कर्ष

१. प्रसाधनांतील कीलेटकारकांचे मुख्य कार्य उत्पादन टिकवणे हे आहे. त्वचेला ते स्वतः काही देत नाहीत आणि स्नानाचे पाणीही मृदू करीत नाहीत.

२. नेहमीच्या मात्रेत, अखंड त्वचेवर ईडीटीए सुरक्षित आहे. तुटलेली त्वचा, शिरेवाटे वापर आणि तीव्र स्वरूपातील हाताळणी यांना हा निष्कर्ष लागू होत नाही.

३. ईडीटीए टाळण्याचे सबळ कारण पर्यावरणीय आहे. ते कारण प्रामाणिकपणे सांगावे. त्यासाठी ग्राहकाच्या मनात त्वचेविषयी भीती घालण्याची गरज नाही.

४. पर्याय उपलब्ध आहेत, पण प्रत्येकासाठी सामू, पाणी आणि परिरक्षक यांचा नव्याने विचार व चाचणी अनिवार्य आहे.

५. महाविद्यालयीन कार्यशाळांत आयनमुक्त पाणी, योग्य क्षाराची निवड, सामूची तपासणी आणि सूक्ष्मजीव चाचणी यांचा अंतर्भाव व्हावा. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, गृहविज्ञान आणि वाणिज्य या विभागांनी एकत्र येऊन हे काम केल्यास ते अधिक फलदायी होईल.

जडपणाच्या प्रयोगात तांबड्याचा निळा रंग झाला की विद्यार्थी आकडा लिहून मोकळा होतो. तो आकडा त्याच्या घरच्या बादलीशी, आईच्या क्रीमशी आणि गावच्या ओढ्याशी जोडून दाखवणे, एवढे काम शिक्षकाकडे उरते.